आधी पायातलं काढा

वाणगावला आमच्या शेजारी राहणाऱ्या जगूकाकांच्या कुंपणापाशी चप्पल घालून जायची सोय नव्हती. घरात खुशाल जा, पार चुलीपर्यंत जा. पण अंगणाच्या कडेला पांगाऱ्यांची ओळ होती, तिच्या सावलीत पाय ठेवायचा तो अनवाणी. पोस्टमन असो, विजेचं मीटर बघणारा असो, की मतं मागायला आलेला उमेदवार, काकांचं वाक्य ठरलेलं, "आधी पायातलं काढा, मग तोंडातलं बोला."

काढलं की हातावर लाडू. तिथून कोरड्या तोंडानं परतलेला माणूस मी पाहिला नाही. उमेदवाराला काकांचं मत मिळालं की नाही ठाऊक नाही, लाडू मिळाला.

काका रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेले, एकटे. काकूंना जाऊन जमाना झाला होता. आवाज असा की नुसतं "काय हो?" म्हणाले तरी समोरचा सुट्टे पैसे शोधू लागे. झाडांचं कारण विचारलं की मात्र तो आवाज बसायचा. कुणी म्हणे तिथे नागोबा आहे, कुणी म्हणे नवस आहे. अंगण घाण होऊ नये म्हणून काढलेली युक्ती आहे, असं माझ्या बायकोचं मत. मी या गावात शिक्षक म्हणून बदलून आलेला माणूस, मला तेच पटलं होतं.

दोन हजार सतरा साली पलीकडची मोकळी जागा जयंतीभाईंनी घेतली. डहाणूला त्यांचं कापडाचं दुकान. इथे खाली गाळे, वर खोल्या बांधायच्या होत्या. पाया खोदायला चुन्याची रेघ मारली ती पांगाऱ्यांना अगदी खेटून. रेघ त्यांच्याच हद्दीत होती, त्यामुळे भांडायचीही पंचाईत. पण तिथे खोदलं असतं तर मुळं तुटून झाडं एकामागून एक खड्ड्यात आली असती, हे मलाही दिसत होतं.

सकाळी जेसीबी आला. मला वाटलं, आता काका खिडकीवरचा आवाज काढणार. त्यांनी झाडांखाली सतरंजी अंथरली, लाडवांचा डबा ठेवला आणि चालकाला हाक मारली. रानशेतचा तो चालक उतरला, बूट काढून मांडी घालून बसला. मग मजूर बसले. शाळेला सुट्टी होती, मीही बसलो. जेसीबी हात वर करून नुसता उभा.

दुपारी जयंतीभाई तावातावानं आले. "काका, हे काय चाललाय? माझा मशीनचा भाडा चढतोय ने!"

"आधी पायातलं काढा."

जयंतीभाईंनी काढलं. माणूस मुळात भला. लाडू हातात घेऊन म्हणाले, "कोणता देव हाय इथे? मी पण नारळ फोडतो. पण पाया तर खोदायलाच लागेल ने."

"देव नाही. मांडव आहे."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. वर फांद्या आणि पानं.

मग काकांनी सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी वंदनाच्या, त्यांच्या एकुलत्या मुलीच्या लग्नाचा मांडव घराच्या वळचणीपासून कुंपणापर्यंत घातला होता, आणि कुंपणाच्या बाजूला खांब म्हणून ओल्या पांगाऱ्याच्या मेढी पुरल्या होत्या. पंगतीला गर्दी झाली. पुढे घुसणाऱ्या एका गृहस्थांवर काका सवयीनं ओरडले, "रांगेत या!" ते गृहस्थ नवऱ्या मुलाचे वडील निघाले.

व्याही उपाशी उठले आणि सून घेऊन तलासरीला गेले. लग्नानंतर मुलगी माहेरी येऊन जाते, मग मांडव उतरवतात. ती मांडवपरतणी झालीच नाही. व्याही म्हणत, आधी माफी मागा. काका म्हणत, आधी मुलगी पाठवा.

"कापड कुजलं, दोऱ्या सुटल्या," काका म्हणाले, "मेढींना मात्र पालवी फुटली. पोर परतल्याशिवाय मांडव सोडू कसा? आणि मांडवात आलेला माणूस उपाशी पाठवायचा नाही. एकदा पाठवला तेवढं पुरे."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. तलासरी काही सातासमुद्रापार नाही. एवढ्याशा अंतरासाठी वीसेक वर्षं! या हट्टाला हसावं की या माणसाचे पाय धरावेत, मला कळेना.

जयंतीभाईंनी बुंध्यांकडे बघितलं. "मारे पण बे दीकरी छे, मला पण दोन मुली हाय," एवढंच म्हणाले, उठले आणि अनवाणी पायानंच त्यांनी चुन्याची रेघ पुसून टाकली. नवी रेघ चांगली मागे पडली, एक गाळा त्यात गेला. झाडांकडची खोदाई कुदळीनं, मुळं सांभाळत झाली आणि माती ढासळू नये म्हणून तिकडे लगेच दगडी बांध घातला. मजुरांना काम संपेपर्यंत रोज लाडू होता.

इमारत पुरी झाल्यावर वास्तुशांतीची आमंत्रणं जयंतीभाईंनी स्वतः फिरून दिली. तलासरीला काकांच्या व्याह्यांकडेही ते गेले होते. तिथे काय बोलले, ते अजून सांगत नाहीत.

वास्तुशांतीच्या दिवशी पांगारे लालभडक फुलले होते. एक जीप थांबली. कानांवरचे केस पिकलेली एक बाई उतरली, मागून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ. बाईनं एकदा वर झाडांकडे बघितलं आणि कुणी न सांगता पायातल्या चपला काढल्या. म्हाताऱ्यांनीही काढल्या.

काका ओट्यावर होते. तिथून ते धावत आले, थेट झाडांखाली, आणि लेकीला घट्ट धरून उभे राहिले.

त्यांच्या पायांत चपला तशाच होत्या.