प्रसार सप्ताहातील एकमेव वाचन

पुस्तकांची झीज वाळवीपेक्षा वाचकांमुळे अधिक होते, हे निरीक्षणाने सिद्ध झालेले सत्य आहे. दिंडोरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात (नाव सांगितल्यास विद्यालयाच्या नम्रतेस बाधा येईल) बारा वर्षांत वाळवीने तीन पुस्तके खाल्ली. विद्यार्थ्यांनी एकोणचाळीस पुस्तकांची पाने दुमडली. वाळवीवर औषध फवारता येते. (विद्यार्थ्यांबाबत तशी तरतूद नाही.)

अशा परिस्थितीत, सप्टेंबर १९७९ मध्ये वरून आदेश आला की विद्यार्थी व शिक्षक यांच्यात ग्रंथालय सेवेचा प्रसार करावा. ग्रंथालय सांभाळणारे गुंजाळ सर पद्धतशीर गृहस्थ. त्यांनी सप्ताह आखला: प्रभातफेरी, निबंध स्पर्धा, ग्रंथप्रदर्शन आणि ‘मी रोज वाचीन’ ही सामुदायिक शपथ. शपथ ४१२ विद्यार्थ्यांनी व अकरा शिक्षकांनी घेतली. (उरलेले दोन शिक्षक शपथ घेणाऱ्यांची हजेरी घेत होते.) सर्व पुस्तके टेबलांवर मांडून भोवती सुतळी बांधण्यात आली.

तिसऱ्या दिवशी दहावीतील भागी सुतळीपाशी येऊन उभी राहिली. तिचे वडील बुधा पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत मजुरीला आलेले. परिचारिका प्रशिक्षणाची निवड परीक्षा दहा दिवसांवर होती. निवड झाली नाही तर तिनेही बागेत जायचे, असे घरी ठरले होते.

“सर, ते शरीराचं पुस्तक चार दिस द्या ना. परीक्षा हाय.”

“अगं, सप्ताह चालू आहे. पुस्तकं वाटत बसलो तर प्रसार कशाचा करू?”

“मंग सप्ताह झाल्यावर?”

“मग मोजणी. पंधरा दिवस.”

“आन् मोजणी झाल्यावर?”

“ये की! ग्रंथालय तुमच्यासाठीच तर आहे.”

उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष होते.

अहवालास छायाचित्र जोडणे सक्तीचे होते, आणि त्यासाठी वाचणारी विद्यार्थिनी हवी होती. भागी जवळच उभी असल्याने निवड सोपी झाली. तिने मागितलेलेच पुस्तक तिच्या हाती देण्यात आले. ते मधोमध उघडून ती खरोखरच वाचू लागल्याने नाशिकहून आलेले छायाचित्रकार चंदर वैतागले.

“ओ ताई, वाचू नका! डोळे हलतात.”

“पान तरी उलटू का?”

“अजिबात नाय. हात हलतो.”

प्रकाश जमेपर्यंत अकरा मिनिटे गेली. तेवढ्यात तिने, डोळे शक्य तितके कमी हलवून, पृष्ठ ४२ व ४३ पाठ केली. विषय: दात.

परीक्षेत दातांवर एक प्रश्न आला. तिचे उत्तर उत्कृष्ट ठरले. उरलेले नऊ प्रश्न शरीराच्या इतर भागांवर होते.

मोजणी मात्र अचूक निघाली. एकही पुस्तक कमी नव्हते, एकही पान नव्याने दुमडलेले नव्हते. विद्यालयास प्रसारकार्यात जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला. भागी त्याच आठवड्यात छाटणीला लागली. तिचे छायाचित्र साठ शाळांत लावण्यात आले असून त्यातील एकाग्रतेची सर्वत्र प्रशंसा होते.

परिणाम मोजल्याशिवाय कोणताही प्रसार शास्त्रीय ठरत नाही. म्हणून, भागीबद्दल ज्यांना हळहळ वाटली असेल त्यांच्यासाठी एकच प्रश्न: गेल्या वर्षी आपण घरच्या कपाटातील किती पुस्तके दुसऱ्या कोणाला वाचायला दिली? आपले श्रम वाचावेत म्हणून उत्तराच्या रकान्यात शून्य आधीच छापले आहे. चुकीचे असल्यास खोडावे. (आजवर आलेल्या २१६ उत्तरांत कोठेही खाडाखोड नाही.)