गजराजाच्या डोक्यावरचा ठिपका

एका जंगलात हत्ती राजा होता. तुम्ही म्हणाल, राजा तर सिंह असतो. असतो बाळांनो, पण तो निवडणुकीत पडला होता.

राजाची मुद्रा म्हणजे 'गजराज' ही अक्षरं. सुतारपक्ष्याने ती चोचीने सालीवर कोरली होती. पुढे स्वागतकमानीच्या खांबांसाठी त्याचंच झाड तोडलं. तो रागावला, साल काखोटीला मारली आणि निघून गेला.

आता शेजारचा राजा भेटीला येणार होता. कमानीवर मुद्रा हवी होती, चांगली हत्तीएवढी.

चिटणीस कोल्होबा साळूबाईकडे आले. ही सायाळ अक्षरं काढून पोट भरी. लेखणी विकत आणायला नको, पाठभर काटे होते.

"मूळ साल द्या," साळूबाई म्हणाली.

"आता कुठली साल? हे घ्या." कोल्होबांनी जुन्या पानावरचा नखाएवढा ठसा पुढे केला. "हेच मोठं करा. चुकलात तर महाराज एकूण एक काटा उपटतील."

साळूबाईने हिशेब केला. काटे गेले तर धंदा गेला, आणि लांडग्यासमोर उभं राहायची सोयही गेली.

ती पोपटाकडे गेली. अक्षर दाखवलं की तो फॉन्ट ओळखायचा. निदान तसं तोच सांगायचा.

"बगळा जाड," पोपट म्हणाला. मग मान वळवून म्हणाला, "नाहीतर रेडा बारीक."

तिने दोन्ही काढून पाहिले. 'ज' जुळला तर 'र'चं शेपूट जुळेना. शेवटी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा फॉन्टच नव्हे, ही तर चोच! मग एकेक ठोका निरखत तिने सारं हाताने काढलं, आणि ते हुबेहूब जुळलं. तिला इतका आनंद झाला की काट्यांचा पिसारा झाला.

फक्त पहिल्या 'ग'च्या डोक्यावर एक ठिपका होता. तिने तो हुंगला. कावळ्याची करणी होती.

"चिटणीससाहेब, हा ठिपका काढू ना?" तिला म्हणायचं होतं, पुसून टाकू ना.

"काढा की!" कोल्होबा पान न बघताच म्हणाले. "आहे ते सगळं काढा."

आता आली का पंचाईत? काढा म्हणजे पुसा, की काढा म्हणजे रेखाटा? पुन्हा विचारायचा धीर होईना. काट्यांच्या भीतीने तिने ठिपका काढला. म्हणजे रेखाटला. भोपळ्याएवढा.

पाहुणा राजा कमानीखाली आला आणि वरची मुद्रा वाचून मोठ्याने म्हणाला, "गंजराज महाराजांचा विजय असो!"

हत्तीची सोंड ताठ झाली. साळूबाईने डोळे मिटून घेतले.

कोल्होबा पुढे सरसावले. "महाराज, तो अनुस्वार नव्हे. हत्तीच्या मस्तकात मोती असतो म्हणतात ना? तोच हा!"

राजाने मस्तक चाचपलं. मोती काही लागला नाही, पण कल्पना आवडली. जंगलभर ठिपक्याची मुद्रा सुरू झाली.

ही बातमी ऐकून सुतारपक्षी साल घेऊन धावत आला. "हे घ्या मूळ, पण माझं अक्षर नासवू नका हो!"

सालीवर ठिपका नव्हता.

"साळूबाई, तू जाणकार," राजा म्हणाला. "खरी मुद्रा कोणती?"

तिने साल पाहिली. ठोका न् ठोका ओळखीचा होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पाठीवरचे काटे शहारले.

"ठिपक्याची," ती म्हणाली.

बनावट मुद्रा बाळगल्याबद्दल सुतारपक्ष्याची चोच बांधण्यात आली. ठिपका आपलाच म्हणत आलेल्या कावळ्याला राजचित्रकाराचं पद मिळालं.

तात्पर्य : मुलांनो, मूळ प्रत कधीही जपून ठेवू नये. ती सापडली की चौकशी मूळ कारागिराचीच होते. ठेवायचीच असेल, तर आधी कावळ्याखाली धरावी.