नाव घातलेला फोन

आमचे घरमालक कृष्णोजीराव शिंदे नवा फोन घरी आणला की खोकं फोडून आधी तो पालथा घालतात. पडदा पेटतो का, आवाज येतो का, फोटो कसा निघतो, यातलं काहीही त्यांना बघायचं नसतं. पालथा फोन खिडकीशी धरून ते डोळ्यांजवळ नेतात, लांब करतात, मग अंगठ्याच्या नखाने पाठीवरून वरून खाली एक रेघ ओढतात. मी बाजूला असले आणि चार्जिंगबद्दल काही बोलायला गेले, तर म्हणतात, ‘पुढचं राहू दे ग अम्मा, मागचं बघू.’ मग चष्मा काढून निकाल देतात, ‘रिजेक्ट.’ त्यानंतर सहा दिवस, सकाळच्या उन्हात, दुपारच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली तोच फोन पुन्हा पुन्हा पालथा होतो. सातव्या दिवशी तो दुकानात परत जातो.

मी त्यांना अण्णा म्हणते, कारण मल्लेश्वरममध्ये त्यांना सगळेच अण्णा म्हणतात, आणि ते कुठल्याही बाईला अम्मा म्हणतात. मी मूळची पुण्याची. नोकरी बेळ्ळंदूरला आणि राहायला इथे त्यांच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे आयुष्याचा मोठा भाग रिंग रोडवर ब्रेक दाबण्यात जातो. अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात अजून मराठी चालते, पण भांडण आणि देवपूजा कन्नडमध्ये.

अण्णांनी सगळी नोकरी घड्याळांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून केली. डोळ्याला भिंग लावायचं, चाक बघायचं, पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. कारखाना बंद पडला, अण्णा चालूच राहिले. माझे पोहे त्यांनी पहिल्याच रविवारी रिजेक्ट केले. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली इडली एका बाजूने चपटी म्हणून रिजेक्ट. मला बघायला आलेला एक मुलगा त्यांनी जिन्यातच रिजेक्ट केला, कारण त्याच्या दोन बुटांच्या नाड्या दोन तऱ्हेने बांधलेल्या होत्या. त्याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे. नियम एकच होता, ‘खात्री नाही म्हणजे रिजेक्ट.’ पास हा शब्द मी सहा वर्षांत दोन-तीनदा ऐकला असेल, तोही कावेरीअक्कांच्या चित्रान्नाला.

कावेरीअक्का म्हणजे त्यांची बायको. त्या सांगायच्या, ‘मला बघायला आले तेव्हा तासभर बघत बसले. पास म्हणायचं विसरूनच गेले. अजून म्हणाले नाहीत.’ अण्णा त्यावर पेपर वर धरायचे.

फोनचं सगळं प्रकरण अक्कांपासून सुरू झालं. एका बारशाला वीस बायका जमल्या, वीस जणींचे फोन एका सतरंजीवर, आणि अक्का घरी आल्या त्या दुसऱ्याच बाईचा फोन घेऊन. दुसऱ्या दिवशी त्या सरळ भांड्यांच्या दुकानात गेल्या. तिथे भांडं घेतलं की त्यावर नाव फुकट घालून देतात. अक्कांनी एक चमचा घेतला आणि नाव घालणाऱ्यापुढे फोन ठेवला. तो माणूस घाबरला. अक्कांनी त्याला सांगितलं, हात हलका ठेव, वाटीवर घालतोस तसंच घाल. फोनच्या काळ्या पाठीवर मशीनने ठिपक्या-ठिपक्यांचं नाव उमटलं: कावेरी कृ. शिंदे, कन्नड अक्षरांत. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण अक्का इतक्या खूश होत्या की मी ती तीन वेळा वाचली. अण्णा म्हणाले, वॉरंटी गेली, रिजेक्ट. अक्कांनी त्यावर रबरी कव्हर चढवलं आणि फोन वापरायला लागल्या.

नाव घातलेल्या वस्तूबद्दल अक्कांचा नियम कडक होता. जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेताना त्या एकेक भांडं फिरवून बघायच्या, आणि नाव असलेलं बाजूला काढायच्या. माळ्यावर एक गळकी कळशी होती. ती तरी द्या, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं. ‘सासूबाईंचं नाव आहे तिच्यावर. सासूबाईंना मोडीत घालू?’

मागच्या वर्षी अक्का तीन दिवसांच्या तापाने गेल्या. इतकं अचानक, की त्यांनी भिजवलेले तांदूळ शेजारणीने फेकले.

फोन मात्र वाजत राहिला. फुलवाली, शिंपी, साडीचं दुकान, भजनाच्या बायका. अण्णा प्रत्येक फोन उचलायचे आणि म्हणायचे, ‘ती नाही.’ पलीकडून विचारायचे, कधी येतील? मग अण्णांना पुढचं सांगावं लागायचं. दिवसातून पाच-सहा वेळा ते बायको गेल्याचं नव्याने सांगत होते. वरच्या मजल्यावर मला ते ऐकू यायचं, आणि मला ते सहन होईना. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी सहन होईना की माझ्यासाठी, हे मी तेव्हा तपासलं नाही.

आठव्या क्रॉसच्या गल्लीजवळ एका स्वस्तातल्या मोबाइल कंपनीचं दुकान आहे. सिम स्वस्त, रिचार्ज स्वस्त, आणि लोकांचे जुने फोन घेऊन, शहराबाहेर आनेकलच्या शेडमध्ये दुरुस्त करून, नव्या खोक्यात घालून रिफर्बिश्ड म्हणून विकतात तेही स्वस्त. जुना द्या, दुसरा घ्या. मी अण्णांना सुचवलं की अक्कांचा फोन देऊन टाकू, तुमचाही जुना झालाय, त्या बदल्यात एक बरा येईल. ते काही बोलले नाहीत. ते मी होकार धरलं आणि रिंग रोडच्या एका सिग्नलवर, गाडी हलेपर्यंतच्या वेळात, नाव नोंदवून टाकलं.

दुकानातल्या मुलीने सफाईने रबरी कव्हर सोललं, सिम काढलं आणि दोन्ही अण्णांच्या हातात दिलं. फोन काउंटरवर पालथा पडला होता. नाव वर होतं. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मीही पाहिलं, आणि मी घड्याळाकडे पाहिलं, कारण माझी मीटिंग होती. ‘ओके ना, अंकल?’ मुलीने विचारलं. अण्णा म्हणाले, ‘पास.’

चार दिवसांनी ते जिना चढून वर आले. हातात ते कव्हर होतं. ‘नाव घातलेलं होतं ग,’ ते म्हणाले. ‘मी बघितलं. बघून दिलं. कावेरीला मोडीत घातली मी.’

आम्ही लगेच दुकानात गेलो. मॅनेजर भला माणूस, पण फोन आनेकलला गेला होता. तिथून दुरुस्त होऊन तो कुठल्यातरी दुकानात विक्रीला येणार, कुठल्या ते सांगता येत नाही, असं तो म्हणाला. अण्णांनी त्यातलं ‘येणार’ तेवढं धरलं. त्या दिवसापासून त्या मॉडेलचा काळा फोन दुकानात आला रे आला की अण्णा हजर. खोकं सीलबंद असतं, विकत घेतल्याशिवाय उघडता येत नाही. म्हणून विकत घ्यायचं, घरी येऊन पालथा घालायचा, रिजेक्ट करायचा आणि सात दिवसांच्या मुदतीत परत. परत करण्याच्या फॉर्मवर कारणं छापलेली असतात: बॅटरी, कॅमेरा, विचार बदलला. अण्णा सगळ्यांवर काट मारून खाली लिहायचे, ‘नाव नाही.’ दुकानातल्या मुलांना पहिल्यांदा वाटलं, कंपनीचं नाव पुसलं गेलंय. मग त्यांनाही कळलं, आणि तसा फोन आला की ती मुलं स्वतःच अण्णांना फोन करायला लागली. असे नऊ झाले.

मी हसायचे. ऑफिसात मी ही गोष्ट रंगवून सांगायचे, लोक पोट धरून हसायचे. मला वाटायचं, बरं आहे, म्हाताऱ्याला उद्योग मिळाला.

दहावा फोन आणला त्याच्या पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, आनेकलला जाऊन बघू. मॅनेजरने शेडचा पत्ता दिला होता. शनिवार होता, नाही म्हणायला कारण सापडेना. मी गाडी काढली. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात भिंग होतं आणि मांडीवर तो दहावा फोन खोक्यासकट. रस्ताभर ते खुशीत होते. शेडचं दार रिजेक्ट झालं, पाटीवरचं अक्षर पास झालं.

आत लांब टेबलांवर बायका रांगेने बसल्या होत्या. मुकादम शोभा म्हणून, आनेकलचीच, पस्तिशीची असेल. मॅनेजरने तिला आधीच सांगितलं होतं. अण्णांनी कारखान्यात काम केलंय हे कळल्यावर तिने कौतुकाने पहिल्या टेबलापासून दाखवायला सुरुवात केली. पहिल्या टेबलावर एक मुलगी तापलेल्या पट्टीवर फोन ठेवत होती, पाठ सैल झाली की पातळ पात्याने ती उचलत होती आणि शेजारच्या निळ्या क्रेटमध्ये टाकत होती. दुसऱ्या बाजूला कोऱ्या काळ्या पाठींचा गठ्ठा होता.

अण्णांनी विचारलं, पाठ फुटली असेल तरच ना? शोभा म्हणाली, नाही अण्णा, सगळ्यांचीच. नवीन दिसायला पाहिजे ना गिऱ्हाइकाला. पहिलं काम तेच. आणि नाव घातलेलं असलं तर? ‘देवाचं चित्र असलं तरी काढतो,’ ती म्हणाली.

अण्णा क्रेटकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘मी हे बघू का?’ शोभाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने एक स्टूल ओढून दिलं आणि काचेचे तुकडे लागतात म्हणून हातमोजे दिले. अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक पाठ उचलून, फिरवून, खाली ठेवायला लागले. चहाची सुट्टी झाली, बायका उठल्या, परत आल्या. कोणी हसलं नाही. क्रेट आठवड्याला रिकामा होतो, आधीचं सगळं पोती भरून भंगारात गेलंय, हे शोभाने मला हळू आवाजात सांगितलं. ते त्यांना सांगायला ना ती पुढे झाली ना मी. तळापर्यंत बघून झाल्यावर अण्णांनी हातमोजे काढून घडी करून ठेवले.

गाडीत बसल्यावर अण्णांनी दहावा फोन पुन्हा मांडीवर घेतला. आम्ही शहराच्या गर्दीत शिरल्यावर म्हणाले, ‘नऊ परत केले मी. नाव नाही म्हणून.’

मला तेव्हा कळलं, त्यांचा विचार कुठे चाललाय.

‘त्यातला एक तिचा असला तर, अम्मा? हातात होता. मी रिजेक्ट लिहून दिला. म्हणजे दोनदा दिली तिला.’

मी घाईघाईने सांगायला लागले की फोन देशभर जातात, हैदराबादला जातात, त्याच दुकानात परत यायची शक्यता जवळजवळ शून्य. अण्णांनी ऐकून घेतलं.

‘खात्री आहे?’ त्यांनी विचारलं.

मी पुढच्या गाडीकडे बघत ब्रेक दाबला. त्या दिवशी सिग्नलवर मी जे केलं, ते त्यांनी आजवर एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. तेव्हाही दाखवलं नाही. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी दहाव्या फोनचा सातवा दिवस होता. मंगळवारी सकाळी दुकानाच्या मॅनेजरचा मला फोन आला. अंकल काल आले नाहीत, मुदत संपली, पण मी सांभाळून घेतो, तब्येत बरी आहे ना? मी तशीच ऑफिसची बॅग घेऊन खाली गेले.

दार उघडं होतं. अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुढे दहावा फोन, आणि त्यावर अक्कांचं ते जुनं रबरी कव्हर चढवलेलं. नेमकं बसलं होतं, मॉडेल तेच होतं ना. शेजारी अक्कांची कुंकवाची डबी उघडी होती. तिच्यात त्यांनी अक्कांचं सिम इतके महिने ठेवलं होतं, आणि दर महिन्याला त्याचा रिचार्ज करत होते. कशाला, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता डबीत सिम नव्हतं.

मी म्हटलं, अण्णा, आज दिला तरी चालेल म्हणताहेत.

‘बेडा, नको,’ ते म्हणाले. ‘राहू दे घरात.’

मी विचारलं, खात्री झाली का? त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. एवढंच. पुढचा नेहमीचा शब्द येईल म्हणून मी थांबले, तो आला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. इतक्या महिन्यांनी त्या घरात अक्कांचा नंबर वाजत होता. अण्णांनी उचलला, आणि त्यांना स्पीकरचं बटण बंद करता येत नाही, म्हणून पलीकडचं मलाही ऐकू आलं. साडीच्या दुकानातली मुलगी होती. सणाचा नवीन माल आलाय, हा कावेरी मॅडमचाच फोन ना?

मी डोळे मिटून घेतले. आता ‘ती नाही’ येणार आणि मग पुढचं सगळं.

अण्णांनी फोन कानापासून काढला, पालथा केला आणि त्या रबरी पाठीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा तोंडाशी धरला.

‘हौदु अम्मा,’ ते म्हणाले. ‘तिचाच आहे.’

मुलगी रंग सांगायला लागली. जांभळा, मोरपंखी, जरीचा काठ. अण्णा सगळं ऐकत होते, आणि प्रत्येक रंगाला हळूच म्हणत होते, ‘पास.’