पंचमंडळापुढे मधुकरराव

स्वरदा वसतिगृहाच्या पायरीवर बसून रडत होती आणि मधुकररावांच्या पिशवीत कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीचा डबा होता. पुढचा सगळा घोळ एवढ्यातूनच झाला.

समुद्रपूरच्या त्या लहानशा कॉलेजात पोरापोरींची दोन मंडळं, ‘झेप’ आणि ‘पालवी’. दरवर्षी नव्या पोरांना आपल्याकडे ओढायला दोघंही असं खाऊ घालत, की कॉलेज आहे की लग्नाचा मांडव, कळू नये! शेवटी पाच विद्यार्थ्यांचं पंचमंडळ निवडलं गेलं आणि नियम झाला: पहिले पंधरा दिवस नव्या पोरांना काहीही खाऊ घालायचं नाही, नियम मोडला तर सात दिवस मेसची ताटं घासायची. प्राचार्यांना हा पोरखेळ वाटे. मधुकरराव मात्र पंचमंडळाचे प्रभारी प्राध्यापक. त्या पाच पोरांचं त्यांना भारी कौतुक. “पोरं सांभाळतील, माझा शब्द!” असं त्यांनी छातीठोक सांगून ठेवलं होतं.

“काऊन रडून राह्यली वं?” त्यांनी विचारलं.

“गावाची, रोहण्याची आठवण येते, सर. अन् जेवन जात नाई.”

मधुकररावांचा जीव कळवळला. पण सरांच्या हातून घ्यायला पोरगी लाजेल, म्हणून समोरून येणाऱ्या ‘झेप’च्या साकेतला त्यांनी बायकोनं, छायाताईंनी, दिलेला डबा सोपवला. “हे तिले देजो.” नियमबियम त्यांच्या डोक्यातही आला नाही.

रात्रीपर्यंत ‘झेप’च्या वडीची कीर्ती खोल्याखोल्यांत पोचली. सकाळी ‘पालवी’नं तर्री-पोहे आणले. दुपारी ‘झेप’नं जिलबी. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये एकही नवं पोर फिरकलं नाही. स्वयंपाकी मोतीलाल भरल्या पातेल्यासकट प्राचार्यांच्या दारात उभा राहिला. “आता हे वरन कोनाले घालू, सायब?”

“उद्या पाचपर्यंत निकाल लावा,” प्राचार्यांनी फर्मावलं, “नाहीतर पंचमंडळ बंद!”

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. अध्यक्षस्थानी पाच पंचांपैकी नाचणगावची वल्लरी. प्राचार्य मागच्या बाकावर.

“आमी मागून देल्लं,” ‘पालवी’ची सपना म्हणाली. “पयले यायनं सुरू केलं!”

“ताटं दोघंही घासा,” वल्लरी म्हणाली. “पन ज्यानं सुरू केलं, त्या मंडळाले वर्षभर नवा सभासद नाई. साकेत, तो डबा तुमचाच होता ना?”

साकेतनं मान खाली घातली. सरांचं नाव त्याच्या तोंडून निघेना. बिचाऱ्याचं मंडळ बुडायला निघालं होतं, तरी पठ्ठ्या गप्प!

मधुकररावांना पेच पडला. बोलावं तर प्राचार्यांसमोर शोभा. न बोलावं तर हे पोरगं बळी. ते उठले.

“डबा माझा होता.”

सभागृहात हशा पिकला. प्राचार्य खुशीत उभे राहिले. “घ्या! वल्लरी, आता सरांना शिक्षा करतेस? नाही ना जमणार? मग आवरा हे पंचमंडळ.”

वल्लरीचा चेहरा उतरला. तिचे परीक्षेचे गुण याच सरांच्या हातात होते. तिनं नियमांची वही उघडली, पुन्हा वाचली आणि वर पाहिलं.

“नियमात ‘जो कोणी’ लिहून आहे. सर काई वेगळे नाईत.” तिनं वही मिटली. “‘झेप’वरची बंदी रद्द. मधुकरराव सर, सात दिवस ताटं. उद्यापासून.”

मधुकररावांना वाटलं, काय हिंमत आहे हो या पोरीची! त्यांचे डोळे भरून आले. तोंडानं ते फक्त “मंजूर” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाह्या सरसावून साकेत आणि सपनाच्या मधोमध ताटं घासत होते. शिक्षा खरंच चालू आहे का, हे बघायला प्राचार्य मुद्दाम मेसमध्ये जेवले. मग आपलं ताट मधुकररावांपुढे ठेवून म्हणाले, “मानलं बुवा तुमच्या पोरांना. राहू द्या पंचमंडळ.”

मधुकरराव साबणाच्या हातानंच त्यांना मिठी मारणार, तेवढ्यात मागून वल्लरी बोलली.

“सर, खरकटं बादलीत काढूनच ताट ठेवायचं असते.”

प्राचार्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मधुकररावांकडे पाहिलं. मग गुपचूप ताट उचललं आणि बादलीकडे निघाले.