रशीदमामूंच्या सालया

रशीदमामूंच्या माळावर झाडाचं नुसतं नाव सांगून भागत नसे. "ही सालई," असं आपण छाती फुगवून म्हणावं, तर मामू तंबाखू गालात सरकवून विचारणार, "व्हय, सालई हाय. पन कोनती सालई?" आता सालईला कोणती असतं का? पांढुरका बुंधा, कागदासारखे सुटणारे सालीचे पापुद्रे, झालं! पण छे. "जात नका सांगू साहेब, चेहरा सांगा." चेहरा सांगितल्याशिवाय पुढं पाऊल टाकायची सोय नव्हती.

मामू जंगलखात्यातून रिटायर झालेले गार्ड. राहायला खुलताबादला, पण अख्खी नोकरी त्यांनी त्या एका माळावर काढली. बढती आली की आजारी पडायचे म्हणे. रिटायर झाल्यावर दर रविवारी शहरातल्या हौशी लोकांना ते माळ दाखवायचे, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्या हिनं दोघांची नावं घातली. मला झाडाझुडपांचं काडीचं वेड नाही, पण हिच्या शब्दाबाहेर जाऊन पुंडलिकनगरातल्या घरात राहणार कसा?

भाद्रपदातली सकाळ होती. गवत छातीला लागलेलं, धुकं खाली उतरलेलं, आणि त्यात मधेमधे सालया उभ्या. बरोबर ही आणि गुलमंडीवरचे कापडवाले शहाशेठ. बोटानं चाचपून पॉपलीन ओळखणारा माणूस, पण तिसऱ्याच सालईला नापास झाला. "हिची कंबर वाकडी. हिला डाव्या अंगाला फोड. ही शेजारणीवर रुसून तोंड फिरवून उभी," मामू एकेकीच्या बुंध्यावर हात ठेवून हळूच सांगायचे, जशी ती ऐकतेय. माळावर पाखराचाही आवाज नव्हता. खोटं कशाला बोलू, हसता हसता माझ्या अंगावर काटा आला.

मग माझी पाळी. लागोपाठ चार झाडं चुकलो. मामूंनी सगळ्यांदेखत मला मागच्या झाडाकडं पिटाळलं, "जा, नीट निरखून या." पन्नाशीचा माणूस मी! गेलो तणतणत. मागं वळलो, तर गवत मिटलेलं. माणसं नाहीत, पायवाट नाही. चालत सुटलो, सालई आली. आणखी चाललो, पुन्हा सालई. तीच की दुसरी, देव जाणे! चकवा लागतो म्हणतात तो हाच, असं मनात आलं.

तेवढ्यात हाक आली, "भालेरावसाहेब!" मामूच होते. ओ द्यायला काय झालं होतं मला? पण शहाशेठसमोर हरवलो म्हणून कबूल करायचं? शक्य नाही. गप्प राहिलो. हाक डावीकडून आली, मग उजवीकडून, मग पाठीमागून, आणि दर वेळी जास्त फाटलेली. शेवटची तर म्हाताऱ्या माणसाची वाटेचना. एखादं पोर भेदरून ओरडावं तशी होती. मी सालईला पाठ लावून खालीच बसलो.

गवत फाडत मामू आले आणि त्यांनी खाडकन माझ्या थोबाडीत दिली.

"ओ का नाय दिली? आं? हाक मारल्यावर ओ देत नसत्यात का?"

मला राग यायला हवा होता. पण मामू माझ्याशेजारी मटकन बसले आणि त्यांनी माझा हात असा धरला, की मला लाजेनं मान वर करवेना.

"निजामाचं राज गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतर गाव सोडून आमी ह्याच गवतात लपलो होतो," ते म्हणाले. "अम्मी तापानं फणफणलेली. मी नऊ वर्साचा. पानी आनाया निघालो, संगं धाकली बहीन. तिला चालवंना. म्हनलं, ह्या झाडाखाली बस, आलोच मी. पानी घेऊन आलो, तर समदी झाडं एकसारखी."

"हाका नाही मारल्या?"

"दोन दिस मारल्या."

"मग?"

"अम्मी सांगायची, माळावर चकवा आपल्याच मानसाच्या आवाजात बोलावतो. अन् तवा तर मानसांचंबी भ्या होतं. म्हनून जाताना तिला बजावलं, कुनीबी हाक मारू दे, माझ्या आवाजात मारू दे, ओ देऊ नगं." मामूंनी डोळे पुसले. "लई ऐकायची माझं."