दिगंबररावांची सातवी टेकडी

गुढीपाडव्यास टेकडीवर पहिली कुदळ पडली, अक्षय्य तृतीयेस माथा नाहीसा झाला आणि वटपौर्णिमेच्या आत तेथे खड्डा उरला. जबाबदार दोघे: मुरूम उपसणारा कंत्राटदार आणि त्याला परवाना देणारा अधिकारी. या दोघांनी माझे शेजारी दिगंबरराव यांचे औरंगाबाद कायमचे अपुरे केले.

दिगंबरराव कचेरीत कारकून. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गच्चीवर नेत.

"रोम सात टेकड्यांवर, इस्तंबूल सात टेकड्यांवर, लिस्बनही सातांवरच. अन् आपलं औरंगाबाद? मोजा, जनाब!"

पाहुणा सहावर अडला की त्याला खांद्याला धरून वळवीत आणि एक बुटका उंचवटा दाखवीत.

"अहो, ही कसली टेकडी? हिच्यावर शेळीलासुद्धा दम लागायचा नाही," असे मी एकदा स्पष्ट सांगितले.

"रोमच्या तरी लई उंच हायेत व्हय, दरख्वास्तवाले?" माझ्या अर्ज-तक्रारींमुळे मला त्यांनी हे नाव बहाल केले होते. "तुम्ही पाहिजे तर हरकत नोंदवा. ही मोजायचीच!"

पुढे ती खणली गेली आणि तिचाच मुरूम आमच्या गल्लीत रस्त्यासाठी पसरला. दुसऱ्या दिवसापासून दिगंबरराव चपला हातात घेऊन गल्ली ओलांडू लागले. पोरे हसली, मोठेही हसले. मी त्यांना थांबवून कारण विचारले.

"पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, मग कचेरीचं काम उर्दूतून मराठीत आलं," ते हळू आवाजात म्हणाले. "बोलायचो मराठी, पण शिकलो उर्दूत. साहेब म्हणाले, लिहायला शिका, नाय तर घरी बसा. आमच्या मंडळींनी शिकवलं. घरात लोक हसतील म्हणून संध्याकाळी त्या टेकडीवर जायचो. ती काडीनं अक्षर काढायची, मी गिरवायचो. चुकलं की तळहातानं पुसून म्हणायची, 'हं, पुन्हा.' ती गेली, तरी टेकडी दिसायची. ह्याच मुरमावर लिहायचो हो. चपला घालून कसा जाऊ?"

मी परवान्याची नक्कल मागवली. तीत शेरा होता: 'पडीक टेकाड. कोणाच्याही उपयोगाचे नाही.'

दिगंबरराव आज हयात नाहीत. तरीही हा शेरा लिहिण्यापूर्वी कोणास विचारले होते, याचे उत्तर संबंधित अधिकाऱ्याने द्यावे. मला टपालाने पाठवून भागणार नाही. त्याने आमच्या गल्लीत उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगावे.