मुंग्या आल्या का?

आमच्या कोपरीच्या गल्लीतले कांबळेकाका भेटले की नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात हातात घ्यायचे, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कचकन दाबायचे आणि डोळ्यांत बघून विचारायचे, "मुंग्या आल्या का?" नाही म्हटलं तर आणखी जोरात. त्यामुळे दूधवाल्यापासून भटजींपर्यंत सगळे "आल्या, आल्या" म्हणत लांबूनच सटकायचे.

काका टेलिफोनात लाइनमन होते. निवृत्त झाले आणि कुठलासा कोर्स करून सुया टोचायला शिकले. नुसत्या सुया नाहीत हो! सुयांना चिमटे, चिमट्यांना वायरी, वायरी एका डब्याला आणि डब्यावर लाल दिवा. माणसाचं अंग म्हणजे त्यांना टेलिफोन एक्स्चेंजच वाटायचं. "वहिनी, दुखणं म्हणजे काय? डोक्याला लागलेला फोन. आपण लाइन एंगेज करून ठेवायची. मग फिरवू दे डायल कितीही!"

माझी सुषमा बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मात्र काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "पोटुशीला तिथे दाबायचं नसतं," म्हणाले आणि शेवटपर्यंत तिच्याशी चार हात लांबूनच बोलले. मला तेवढंच बरं वाटलं. मी मुळातच घाबरट.

आणि नेमकं सुषमाचं सिझर झालं. तेव्हा सिझर म्हटलं की आम्ही देव पाण्यात घालायचो. मुलगी छान झाली, पण सुषमाला कूस वळता येईना. इंजेक्शन उतरलं की ओठ चावून पडून राहायची. बाळ जवळ दिलं की टाक्यांना धक्का लागेल म्हणून अंग आक्रसून घ्यायची. शेवटी "नको गं आई, घे तिला," म्हणून तिने तोंडच फिरवलं. पोर भुकेने रडतेय, पोरीची आई रडतेय, आणि दुपारी खडवलीहून विहीणबाई यायच्या होत्या!

मी तशीच उठले ती कांबळेकाकांच्या दारात. काका डबा घेऊन निघाले, ते पायात चपला न घालताच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांना फैलावर घेतलं. सुया उकळल्या का, टोचणार कुठे, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "फक्त पायांना लावा, पोटाजवळ हात न्यायचा नाही. मी इथेच उभी आहे. आणि माझी औषधं चालूच राहतील."

गुडघ्याखाली आणि घोट्याच्या वर सुया लागल्या. वायरी बघून मी विचारलं, "काका, शॉक नाही ना बसणार तिला?"

"वहिनी, सेलवर चालतो हा डबा. रेडिओने कधी शॉक दिलाय का?"

आमच्या रेडिओने दिला होता.

काकांनी हळूच बटण फिरवलं. सुषमाच्या पायाची शीर टिकटिक उडायला लागली. "मुंग्या आल्या का, बाळा?"

"आल्या," सुषमा म्हणाली.

आणि दारात विहीणबाई! "अगंबाई, मुंग्या?" हातातली पिशवी टाकून त्यांनी पाळण्यातलं बाळ उचललं. "बाळंतिणीच्या खाटेवर मुंग्या? इथे कोणी झाडझूड करतं की नाही?" चादर झटकायला त्यांनी हात घातला, तसे काका हात पसरून आडवे झाले. "ओ बाई, लाइन तोडू नका!"

सुषमाला हसू फुटलं. टाके ओढले, कळवळली, पोटावर उशी दाबून धरली आणि पुन्हा हसली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "दुखतंय, पण लांब कुठेतरी दुखतंय." आणि मग म्हणाली, "आण गं तिला इकडे." बाळ चुटुचुटु प्यायला लागलं. विहीणबाई मात्र खाटेखाली वाकून मुंग्या शोधतच होत्या.

सुयांनी झालं, औषधाने झालं की हसण्याने, देव जाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं थोडं सगळ्यांनीच."

सुषमाला घरी आणलं आणि मी पेढे घेऊन काकांकडे गेले. दार उघडंच होतं. कांबळेकाकूंची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली, त्या घराबाहेर पडत नसत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काका सुया टोचायला का शिकले, हे मात्र आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

काका जमिनीवर बसले होते. काकूंचा पाय त्यांच्या मांडीवर, पायाला सुया, सुयांना वायरी. त्या पायाशीच ते बोलत होते, "लाइन डेड नाहीये. नुसता फॉल्ट आहे. सापडेल." मग वर बघून अगदी हळू विचारलं, "मुंग्या आल्या का?"

"आल्या हो, आल्या," काकू जड जिभेने म्हणाल्या.

काका मान खाली घालून वायर सारखी करत राहिले. "अगं, बटण अजून फिरवलंच नाही मी."

काकूंनी डाव्या हाताने त्यांच्या टकलावर टपली मारली.

"मग फिरवा की!"